नायकीण, पाळी आणि खानावळीची वही

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा तो क्षण होता आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. शंभर वर्षे मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या माणसांना स्वतःचे न्हाणीघर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि जुनी चाळ पडते म्हणून गळा काढण्याचा अधिकार तेथे न राहिलेल्या आमच्यासारख्यांना नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो आमच्याच विषयाशी, म्हणजे मराठीच्या अध्यापनाशी, निगडित आहे. त्याची सुरुवात आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा विषय घेऊन आमच्याकडे आली. ती वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी होती. तिच्या आजीने त्या एका खोलीत अनेक वर्षे खानावळ चालवली होती. दहा-बारा गिरणी कामगार पाळीप्रमाणे येऊन जेवत, काहींचे डबे जात. आजी बोलते कशी, कामाला कोणते शब्द वापरते, त्या माणसांना काय म्हणून हाक मारीत असे, ह्याचा अभ्यास तिला करायचा होता. ‘सर, मॅडम, हे चालेल का?’ असे तिने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, ‘विषय चांगला आहे, पण हा समाजशास्त्राचा झाला. आपण साहित्याचे विद्यार्थी. एखादी कादंबरी घे.’ तिने कादंबरी घेतली. प्रकल्प नीटनेटका झाला, गुणही उत्तम मिळाले. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली.

‘हा समाजशास्त्राचा विषय’ हे वाक्य आम्ही किती सहजपणे उच्चारले होते, ह्याची टोचणी आम्हांला पुढे शर्मिला रेगे ह्यांचे लेखन नव्याने वाचताना लागली. रेगे ह्यांचे शिक्षण समाजशास्त्राचे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १३ जुलै २०१३ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. ह्या तुलनेने अल्प कारकिर्दीकडे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या अभ्यासाची सामग्री बहुतांशी आमच्या कपाटातली आहे. १९९५ साली त्यांनी लिहिलेला गाजलेला निबंध लावणीवर आहे. १९९८ साली दलित स्त्रिया वेगळे का बोलतात ह्याची मांडणी करताना त्यांनी मुख्य प्रवाहातील स्त्रीवादाला आणि दलित चळवळीतील पुरुषी नेतृत्वाला एकाच वेळी प्रश्न विचारले. २००६ सालच्या त्यांच्या ग्रंथात बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार ह्यांच्यासारख्या लेखिकांच्या आत्मकथनांचे वाचन आहे. ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ ही पुस्तके आम्हीही शिकवली आहेत. ‘अनुभवाची दाहकता’, ‘बोलीचा प्रभावी वापर’ ह्या दोन मथळ्यांखाली शिकवली आहेत. रेगे मात्र त्या पुस्तकांना साक्ष मानतात; एका बाईच्या आयुष्याची नव्हे तर समूहाने दिलेली साक्ष, जिच्या उजेडात जातीचा आणि कुटुंबाचा प्रस्थापित इतिहास पुन्हा तपासावा लागतो.

लावणीवरील निबंधाचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. शाहिरी वाङ्मय हा आमच्याकडील जुना पेपर. त्यात लावणीचा शृंगार, तिची लय, तिच्यातील नखशिखान्त वर्णने ह्यांविषयी विद्यार्थी पाने भरभरून लिहितात. रेगे ह्यांनी प्रश्न असा केला की शृंगारिक लावणीत जी स्त्री उभी राहते ती कोणत्या जातीची आहे, आणि तिचे शरीर सदैव उपलब्ध आहे असे गाण्यातून वारंवार सांगितल्याने कोणाची सोय होते? उत्तर पेशवाईत खालच्या जातींतील स्त्रियांचे श्रम हुकमाने घेतले जात असताना, तिच्या देहाविषयीची ही कल्पना त्या व्यवस्थेला हातभार लावीत होती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. लैंगिकता ही कामाच्या बाहेरची, खासगी, रात्रीची गोष्ट आणि श्रम ही दिवसाची, सार्वजनिक गोष्ट, ही विभागणीच त्यामुळे मोडते. लावणी नाचणारी बाई काम करीत असते, आणि तिच्या कामाला काम न म्हणता ‘चाळे’ म्हणण्यात समाजाचा हितसंबंध असतो.

हा धागा पुढे शैलजा पाईक ह्यांनी नेला. पुण्याच्या येरवड्यातून अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठापर्यंत पोचलेल्या ह्या इतिहासकार विदुषीचा तमाशातील दलित स्त्रियांवरील ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी अभिमानाने बातम्या दिल्या. त्यांच्या मांडणीचे खांब मात्र तीन मराठी शब्द आहेत: ‘अश्लील’, ‘माणुसकी’ आणि ‘अस्सल’. कोणाला अश्लील ठरवले गेले, माणुसकीचा हक्क कोणी कसा मागितला आणि ‘अस्सल मराठी’ म्हणून शेवटी काय मिरवले गेले, ह्या प्रवासात त्या तीन शब्दांची वळणे दाखवतात. हे शब्द आमचे होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षे पहारा आम्ही दिला आणि ते उलगडले मात्र समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी.

आता वरळीच्या त्या खोलीकडे परत येऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते १९२० साली स्थापन झाले आणि त्या दशकात त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. वरळीत १२१ इमारती. प्रत्येकीला तळमजला आणि वर तीन मजले, आणि एकेका इमारतीत ८० खोल्या. गिरण्यांत राबणारा पुरुष कोकणातून वा घाटावरून एकटा येई आणि गाववाल्यांबरोबर खोली वाटून राही. त्याच्या जेवणाची व्यवस्था कोणी तरी बाई करी. मुंबईच्या कापडधंद्याचे अर्थशास्त्र ह्या बाईच्या चुलीवर उभे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही; कारण कुटुंब गावी आणि जेवण खानावळीत, ह्या हिशेबावरच कामगाराची मजुरी बेतलेली होती. तरीही ‘गिरणगाव’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर भोंगा, मोर्चा आणि लाल बावटा येतो. पहाटे तीन वाजता पीठ मळणारे हात येत नाहीत. प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली ह्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, त्यामागे बँकेचे कर्ज मिळावे ही साधी गरज होती. बँकेकडून कर्ज मागायचे तर आधी आपण धंदा करतो हे मान्य व्हावे लागते. स्वयंपाक हा धंदा आहे हे कागदावर यायला तोपर्यंतचा काळ जावा लागला.

गिरणीच्या आतही बायका होत्या. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री होती. वायंडिंग आणि रिळिंग ही तिची खाती. पुढे हे प्रमाण घटत गेले. स्त्रियांना रात्रपाळीस बंदी, १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यामुळे मालकांना टाळावासा वाटलेला खर्च, नवी यंत्रे आणि पुरुष हाच घराचा कमावता ही पक्की होत गेलेली समजूत, अशी त्याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. ज्या प्रसूती लाभाच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बोलले, तो न्याय्य कायदाच मालकांना बायका न घेण्याचे निमित्त ठरावा, ही गुंतागुंत एखाद्या थोर कादंबरीला शोभणारी आहे. ती कादंबरी मराठीत लिहिली गेली नाही. जातीचाही हिशेब तेथे होताच. अधिक मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. त्याच कामगारांची वस्ती वरळीच्या काही चाळींत होती, आणि जानेवारी १९७४ मध्ये ह्याच चाळींनी दंगल आणि दलित पँथरच्या कार्यकर्त्यांवरचे हल्ले पाहिले.

ह्या गिरण्यांत बायकांच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या बाईला ‘नायकीण’ म्हणत. शाही कामगार आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालातही तिचा उल्लेख येतो. बायकांना कामावर घेणे, काढणे, त्यांच्याकडून दस्तुरी उकळणे हे अधिकार तिच्याकडे असत. पुरुष खात्यात तेच काम करणारा ‘मुकादम’ वा ‘जॉबर’. आता मराठीच्या विद्यार्थ्याला विचारा: ‘नायकीण’ म्हणजे काय? तो सांगेल, कलावंतीण, गाणारी-नाचणारी बाई. बायकांवर हुकमत चालवणाऱ्या, पैसा हाताळणाऱ्या, कोणाच्या घरच्या सुनेसारख्या न वागणाऱ्या बाईसाठी भाषेपाशी तयार असलेला शब्द हाच होता. गिरणीने तो उचलला आणि शब्दाबरोबर संशयही उचलला. स्त्री, श्रम आणि लैंगिकता हे तीन विषय एकत्र अभ्यासावेत की नाहीत, ह्याची चर्चा विद्यापीठांत पुढे कित्येक दशकांनी झाली. भाषेने ते तिन्ही एका शब्दात आधीच बांधून ठेवले होते. ‘पाळी’ ह्या शब्दाचेही तसेच. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हा पुरुषांच्या दिवसाचा हिशेब. आणि तोच शब्द बाईच्या महिन्याचा. एकीची सुट्टी मागता येते, दुसरीचे नाव घेता येत नाही. असे शब्द वाचणे हे जर साहित्याच्या अभ्यासकाचे काम नसेल तर ते कोणाचे, हे आम्हांला उमगत नाही.

ह्या संदर्भात जपानकडे पाहणे उद्बोधक ठरते. मुंबईची गिरणी पुरुषांची होती, जपानची मुख्यतः मुलींची. खेड्यांतून करारावर आणलेल्या मुली गिरणीच्याच वसतिगृहात राहत. विसाच्या दशकात मुंबईचे गिरणीमालक जकातीचे संरक्षण मागताना तक्रार करीत होते ती हीच, की जपानी गिरण्या रात्रपाळीत बायकांना राबवून स्वस्त कापड पाठवतात. म्हणजे वरळी-परळच्या कामगाराचे पोट आणि ओसाकाच्या मुलीची रात्र ही एकाच बाजारात तोलली जात होती. त्या मुलींच्या हालअपेष्टांवर होसोई वाकिझो ह्या गिरणी कामगाराने लिहिलेले ‘जोको आइशी’ हे पुस्तक १९२५ साली आले आणि त्याच वर्षी तो वारला. तो लिहीत होता त्या काळात घर चालवण्यास हातभार लावीत होती त्याची जोडीदारीण, ताकाई तोशिओ. तीही गिरणी कामगार. पुस्तकाला मान्यता मिळाली, पण विधिवत विवाह नसल्यामुळे मानधनावर तिचा हक्क राहिला नाही. तिने स्वतःची हकीकत लिहिली ती १९८० साली, आणि तिला नाव दिले ‘माझे जोको आइशी’. त्या शीर्षकातील ‘माझे’ ह्या शब्दात पंचावन्न वर्षांचा हिशेब आहे. आपल्याकडे गिरणी कामगारांच्या नेत्या पार्वतीबाई भोर ह्यांची ‘एका रणरागिणीची हकीकत’ १९७७ साली आली. ती त्यांनी सांगितली आणि पद्माकर चितळे ह्यांनी शब्दांकित केली. सांगणारी कोण आणि लिहिणारा कोण, वाक्य कोणाचे आणि विराम कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. कथनमीमांसा शिकवणाऱ्यांनी तो टाळावा हे आश्चर्यच.

जपानमधील स्त्रियांच्या कामाचा अभ्यास पुढे गिरणीवर थांबला नाही. अ‍ॅन अ‍ॅलिसन ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने टोकियोच्या एका क्लबात स्वतः काही महिने काम केले आणि १९९४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कंपनीतील पुरुषांची रात्रीची बैठक, त्यांना मद्य ओतून देणारी, त्यांच्या विनोदांना हसणारी बाई, हा सारा कंपनीच्या कारभाराचाच भाग आहे, असे त्यात दाखवले आहे. हसणे हेही काम आहे. हे वाचताना आम्हांला २००५ साल आठवले. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी डान्सबारवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केला, आणि नंतरच्या कायद्यातील जाचक अटीही २०१९ मध्ये शिथिल केल्या. त्या वादात मराठी वृत्तपत्रांतून ‘संस्कृती’ हा शब्द अगणित वेळा आला. त्या वेळी बारमध्ये जाऊन त्या बायकांशी बोलण्याचे, त्यांच्या कमाईवर कोण जगते हे विचारण्याचे काम केले ते एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि स्त्रियांच्या एका संघटनेने. हे केंद्र नीरा देसाई ह्यांनी १९७४ साली सुरू केले होते. मराठी विभागांतून त्या वादात एखादा लेख आल्याचे निदान आमच्या तरी स्मरणात नाही. ‘संस्कृती’ ह्या शब्दाचा इतका बेहिशेबी वापर चाललेला असताना भाषेचे अध्यापक काय करीत होते? आम्ही तेव्हा नव्याने नोकरीस लागलो होतो आणि लावणीतील शृंगार शिकवीत होतो.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘अहो, अशाने साहित्यकृती ही पुरावा होऊन बसेल. कविता वाचायची ती समाजाची माहिती मिळवायला काय?’ हे भय खरे आहे. ‘गोलपिठा’मधून कामाठीपुऱ्याची माहिती आणि ‘अधांतर’मधून संपोत्तर गिरणगावाची माहिती काढून घेऊन उरलेला चोथा टाकून देणारे प्रबंध आम्ही तपासले आहेत. परंतु हा दोष समाजाकडे पाहण्याचा नसून शब्दाकडे न पाहण्याचा आहे. रेगे वा पाईक ह्यांचे लेखन महत्त्वाचे ठरते ते त्या शब्दावर थांबतात म्हणून. त्यांच्याही पुढे जाऊन काही करण्याची संधी आमच्यापाशी आहे: वाक्याची घडण, संबोधने, मौने, पुनरुक्ती ह्यांचे जे शिक्षण आम्हांला मिळाले ते त्यांच्या शाखांत मिळत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास संकलित केला, त्याचा इंग्रजी ग्रंथ २००४ साली आला. त्यांतील बायकांची निवेदने भाषेच्या अंगाने वाचण्याचे काम अजून शिल्लक आहे.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. चाळीतली आजी काही आमच्या प्रकल्पांसाठी जगली नव्हती. तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, तिचे नाव छापून, आपण गुण आणि पदव्या मिळवणार, तिला काय? ताकाई तोशिओच्या गोष्टीचा धडा येथे आहे. सांगणारीचे नाव द्यायचे की नाही हे तिने ठरवावे, लिहिलेले तिला वाचून दाखवावे, आणि तिने ‘हे नको’ म्हटले तर ते गाळावे. एवढी शिस्त पाळता येत नसेल तर कादंबरीच बरी.

आमची मागणी मोठी नाही. एम.ए.च्या प्रकल्पांत मौखिक निवेदनाला मुद्रित ग्रंथाच्या बरोबरीने स्थान द्यावे. शाहिरी वाङ्मयाच्या पेपरात लावणीबरोबर रेगे ह्यांचा निबंध, मराठीत समजावून का होईना, शिकवावा. आणि नायगाव, डिलाईल रोड, वरळी येथून आलेल्या विद्यार्थ्यांना, तुमच्या घरात पगार नसलेले काम कोण करीत होते आणि त्या कामाला घरात कोणता शब्द होता, हे विचारायला शिकवावे. वरळीच्या इमारती टप्प्याटप्प्याने पडत आहेत. घर बदलताना माळ्यावरचे सामान कमी केले जाते. पहिल्यांदा कागद जातात.

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत शिकवते. मागच्या वर्षी भेटली तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली. ती संकोचून म्हणाली, ‘मॅडम, असं काय बोलता! पण वही आहे अजून.’ खानावळीच्या हिशेबाची वही. आजीला लिहिता येत नव्हते, त्यामुळे जेवणाचे खाडे आणि बाकी जेवणारेच आपापल्या हाताने लिहीत. आजी तोंडपाठ हिशेबाने तो ताडून पाही. एका वहीत सात-आठ माणसांची अक्षरे आहेत. आजी सर्वांना ‘दादा’ म्हणे, वयाने लहान असलेल्यालाही. ‘का?’ असे नातीने एकदा विचारले होते. आजीचे उत्तर होते, ‘दादा म्हटलं की खोलीचं दार उघडं ठेवून जेवायला वाढता येतं.’

त्या उत्तरावर आम्ही अजून विचार करतो आहोत. मुलीने वहीची पाने झेरॉक्स करून आणायचे कबूल केले आहे. ह्या वर्षीच्या वर्गात ती वही शिकवायला घेणार आहोत. अभ्यासमंडळ काय म्हणते ते पाहू.